मदत हवी आहे: पावसात मोडाची नाचणी कशी सुकवायची?

आम्ही कुडाळकडे बचत गटातर्फे वरकस (डोंगरउतारावरच्या हलक्या) जमिनीवरची नाचणी थेट शेतकऱ्यांकडून हमीभावाने (२०२५-२६ ला क्विंटलला ४८८६ रुपये) घेतो आणि मोड आणून सत्व-पीठ विकतो, लहान मुलांच्या आयांकडून मागणी बारमाही आहे. उन्हाळ्यात काय टेन्शन नाही पण जून लागला की मोड आलेले दाणे सुकतच नाहीत. पंख्याखाली पसरले तर आंबूस वास, चुलीवरच्या माळ्यावर ठेवले तर धुराचा, कढईत परतले तर वरून खमंग आणि आत ओलेच. मे मध्येच सगळं पीठ करून ठेवायचं तर ते पुढे कुबट होतं, नाचणी मात्र तशीच छान टिकते. लाईट सारखी जाते, मोठा ड्रायर परवडणार नाही. एका वेळी पाच-सहा किलो सुकेल असं घरगुती काय वापरता, आणि किती वेळ लागतो?