सिनसिनाटी ब्लॅक म्युझिक वॉक ऑफ फेम : आई-बाबांना घेऊन जावं का?

मेसनचा_भाडेकरू
नमस्कार मंडळी. कंपनीच्या कामाने ऑनसाइट येऊन आठ महिने झाले, ओहायोत सिनसिनाटीजवळ मेसनला राहतो. पुढच्या महिन्यात आई-बाबा येतायत. बाबा तरुणपणी पुण्यात ऑर्केस्ट्रात काँगो-बाँगो वाजवायचे, त्यामुळे नायगरा-न्यूयॉर्क सोडून त्यांच्यासाठी इथलं काहीतरी शोधत होतो. डाउनटाउनला नदीकाठी स्टेडियमच्या बाजूला ते ब्लॅक म्युझिक वॉक ऑफ फेम आहे ना, उघड्यावर, गाणी ऐकता येतात, आपण स्वतःही आवाज काढून बघू शकतो असं ऐकलं. कुणी गेलंय का? किती वेळ लागतो? आईचे गुडघे दुखतात, फार चालणं नको. आणि खरं सांगू का, यातल्या एकाही कलाकाराचं नाव मला माहीत नाही, तर तिथे जाऊन नुसते फोटो काढून परत यायचं का हा पण प्रश्न आहे.

निखळ_तिरका
अर्ध्या तासाचं काम आहे. जमिनीवर तारे, त्यावर नावं. जी नावं माहीतच नाहीत ती वाचायला मेसनहून कशाला जायचं? त्यापेक्षा फिंडले मार्केटला जा, खा प्या.

ओहायोकाकू
तिरक्या, तुझं नेहमीचंच. भाडेकरू, जरूर जा, पण आधी घरी थोडा अभ्यास कर, म्हणजे गाणी ऐक. तिकीट नाही, मोकळी जागा आहे, कधीही जा. आम्ही संध्याकाळी गेलो होतो, दुपारी उन्हात नेऊ नकोस, जुलैत तर दगड नुसते तापलेले असतात. चालणं फार नाही, सपाट आहे, आणि शेजारीच स्मेल पार्क, तिथे नदीकडे तोंड करून मोठे झोपाळे आहेत, आईंना तिथे बसव. मुलं असतील तर त्याच पार्कात पायाने वाजवायचा पियानो आहे, आमची नात तिथून हलेना.

पार्किंगचं सांगते. स्टेडियमला मॅच असेल त्या दिवशी चुकूनही जाऊ नकोस, खालच्या गॅरेजचे भाव चढतात आणि बाहेर पडायला तास जातो. फुटबॉलचं पेकॉर स्टेडियम एका टोकाला आणि बेसबॉलचं दुसऱ्या टोकाला, दोन्ही वेळापत्रकं बघून दिवस ठरव. तिथून स्ट्रीटकार निघते ती फुकट आहे, थेट फिंडले मार्केटपर्यंत जाते, म्हणजे तिरक्याचंही समाधान होईल.

ढोलकीवाला
ऑर्केस्ट्रातले बाबा म्हटल्यावर राहवलं नाही. दादा, तुमच्या बाबांना हे शहर आवडणार, फक्त त्यांना आधी एक गोष्ट सांगा. फंक म्हणजे काळ्या लोकांचं ठेक्यावर चालणारं नाचाचं संगीत, त्यात 'द वन' म्हणतात, म्हणजे पहिल्या मात्रेवर जोर. त्याआधीच्या बऱ्याचशा गाण्यांत वजन दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडायचं, गायक जेम्स ब्राउनने सगळ्या बँडला पहिल्या मात्रेवर आणून आपटवलं. आपल्या भाषेत सांगायचं तर बाकी काय हवं ते करा पण समेवर सगळे एकत्र या. अगदी तंतोतंत तेच नाही, तबल्यातली सम आणि हे वेगळं, पण वाजवणाऱ्या माणसाला पटकन कळतं.

आता सिनसिनाटीचा संबंध. जेम्स ब्राउन जॉर्जियातून वर आलेला माणूस, पण त्याचं पहिलं गाजलेलं गाणं 1956 साली याच गावात किंग रेकॉर्ड्स या कंपनीत रेकॉर्ड झालं. मालक सिड नेथन याला ते गाणं मुळीच आवडलं नव्हतं! 'फंकी ड्रमर'सुद्धा इथेच, नोव्हेंबर 1969 ला. त्यातला क्लाइड स्टबलफील्डचा ड्रमचा तुकडा पुढे हिपहॉपवाल्यांनी इतक्यांदा उचलला की तुम्ही तो ऐकलाच आहे, तुम्हाला माहीत नसेल इतकंच. मग 1970 ला ब्राउनचा बँड त्याला सोडून गेला आणि त्याने या गावातल्या पोरांना उभं केलं, त्यात बूत्सी कॉलिन्स बेसवर आणि त्याचा भाऊ कॅटफिश गिटारवर. बूत्सी तेव्हा 18 वर्षांचा! ताऱ्याच्या आकाराचा बेस आणि ताऱ्याचा चष्मा घालणारा तोच. त्याचा तारा तिथे पहिल्या तुकडीत आहे, 2021 ची.

मेसनचा_भाडेकरू
हे भारी आहे. पहिल्या तुकडीत अजून कोण?

ढोलकीवाला
आयझली ब्रदर्स, हा भावांचा गट, हे लिंकन हाइट्सचे, म्हणजे तुमच्यापासून फार लांब नाही. डॉ. चार्ल्स फोल्ड, गॉस्पेलवाले, म्हणजे चर्चमधली गाणी, जेम्स क्लीव्हलंडबरोबरच्या त्यांच्या रेकॉर्डला ग्रॅमी मिळालं. आणि ओटिस विल्यम्स, पण टेम्प्टेशन्स या गाजलेल्या गटातला नव्हे हां! हा चार्म्स नावाच्या गटाचा, 1954 ला त्यांचं गाणं रिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिल्या नंबरवर होतं. मी स्वतः तिथे उभा राहून बायकोला टेम्प्टेशन्सची सगळी कहाणी सांगितली आणि मग शेजारच्या एका आजोबांनी फार प्रेमाने दुरुस्त केलं. त्यांच्याशी पुढे पाऊण तास गप्पा झाल्या ते वेगळं.

कान_तयार
माझं जरा वेगळं मत. जागा छान आहे, चकचकीत आहे, पण मला एक खुपतं. ज्या वेस्ट एंडमध्ये इथलं काळं संगीत राहायचं, कॉटन क्लब होता, तो भाग शहराने हायवे आणि 'सुधारणे'च्या नावाखाली सपाट केला, सुमारे 25,000 माणसं उठवली. आणि आता तारे कुठे, तर स्टेडियम आणि हॉटेलांच्या मध्ये. म्हणून म्हणतो, फक्त तेवढंच बघू नका. किंग रेकॉर्ड्सची मूळ इमारत शहरातल्या इव्हन्स्टन भागात ब्रूस्टर अव्हेन्यूवर आहे, आय-71 हायवेला अगदी लागून, मेसनहून येताना वाटेतच लागते. आत जाता येत नाही, बाहेरून बघायची, आणि सांगून ठेवतो, दिसायला जुनं गोडाऊन. पण 1943 ला सुरू झालेल्या या कंपनीत रेकॉर्डिंग, तबकडी छापणं, कव्हर, पाठवणी सगळं एका छपराखाली व्हायचं आणि काळे-गोरे एकत्र काम करायचे, त्या काळात! हेन्री ग्लोव्हर नावाचा काळा निर्माता गोऱ्यांची कंट्री गाणी आणि काळ्यांची रिदम अँड ब्लूज दोन्ही तिथे करून घ्यायचा. 'फीवर' हे गाणं तिथलं. 'द ट्विस्ट' पण मूळ तिथलं, हँक बॅलार्डचं, चबी चेकरने नंतर गाऊन जग हलवलं. पाडायला निघाली होती इमारत, 2018 ला महापालिकेने ताब्यात घेतली म्हणून वाचली.

ओहायोकाकू
कान_तयार, हे अगदी खरं. आणि भाडेकरू, वेळ असेल तर ताऱ्यांपासून चालत जवळच फ्रीडम सेंटर आहे, गुलामगिरीच्या इतिहासाचं संग्रहालय, ते सोडू नकोस. नदीच्या पलीकडे केंटकी म्हणजे गुलामगिरी, अलीकडे ओहायो म्हणजे सुटका. आत गुलामांना विकायला नेण्याआधी कोंडायची लाकडी कोठी केंटकीतून उचलून आणून ठेवलीय. ती बघून बाहेर आलास की तारे वेगळे दिसतात. दोन तास तरी ठेव, आईंसाठी आत बसायला जागा आहेत. समोरचा निळा झुलता पूल रोबलिंग या इंजिनिअरचा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन ब्रिजच्या आधीचा.

निखळ_तिरका
बरं बाबा, हरलो. पण मार्केटला जाच.

मेसनचा_भाडेकरू
उशिरा लिहितोय, माफ करा, जाऊन आलो. मंगळवारी गेलो, मॅच नव्हती, पार्किंग सहज मिळालं. आधी ब्रूस्टर अव्हेन्यू. आई गाडीतून उतरलीच नाही, म्हणाली, हे बघायला इतक्या लांब आणलंस? बाबा मात्र त्या भिंतीसमोर पंधरा मिनिटं उभे. मग गाडीत 'फंकी ड्रमर' तीन वेळा लावायला लावलं आणि डॅशबोर्डवर बोटांनी धरायला लागले. तिसऱ्यांदा म्हणाले, हा मुलगा मधे कितीही भरतो, पण जागा सोडत नाही.

ताऱ्यांपाशी बूत्सीचा फोटो काढला, आईने झोपाळा अडवून ठेवला, फ्रीडम सेंटरमध्ये मात्र तीच सगळ्यात जास्त वेळ थांबली, त्या कोठीपाशी, आणि बाहेर आल्यावर बराच वेळ काही बोलली नाही. ओहायोकाकू, झोपाळ्याबद्दल विशेष आभार. ढोलकीवाला, बाबा विचारतायत तुम्ही कुठे वाजवता, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

ढोलकीवाला
अहो, सध्या फक्त गणपतीत. पण त्यांना घेऊन या, काँगो आहे माझ्याकडे.