कासवाच्या पाठीवरची माती

वरच्या एका प्रतिसादात म्हटलंय की इरोक्वाय या उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासी लोकांच्या निर्मितिकथेची नायिका आकाशातून पडलेली स्त्री आहे आणि निसर्ग फक्त पार्श्वभूमीला आहे. मला हे अजिबात पटत नाही. ती पडते तेव्हा खाली नुसतं पाणी. तिला पंखांवर झेलतात पाणपक्षी. तळाची माती आणायला एकेक प्राणी बुडी मारतो, थकतो. बऱ्याच कथनांत शेवटी चिमूटभर माती आणतो तो मस्करॅट, पाणथळीतला उंदरासारखा लहानसा जीव. काही कथनांत त्यात त्याचा प्राणही जातो. कासव पाठ देतं, त्यावर माती पसरते आणि जमीन वाढत जाते. माणूस इथे आधीपासून असलेल्या प्राण्यांच्या आसऱ्याला आलाय!

पुढे त्या आकाशातून पडलेल्या स्त्रीची मुलगी जुळ्यांना जन्म देताना मरते, आणि अनेक कथनांनुसार तिच्या देहातून मका, घेवडा, भोपळा उगवतात. इरोक्वाय बायका ही तिन्ही पिकं मातीच्या एकाच उंचवट्यावर लावत. घेवडा मक्याच्या ताटावर चढतो, घेवड्याच्या मुळांवरच्या गाठींमुळे जमिनीला नत्र मिळतं, भोपळ्याची पानं ओल टिकवतात. शेतातलं हे निरीक्षण कथेत इतकं मुरलंय की दोन्ही वेगळं काढताच येत नाही. जुळ्या भावांवर स्वतंत्र चर्चा व्हायला हवी.