शुक्रवारी पाच वाजता मजा करायची सक्ती: घरून काम करणाऱ्यांना हे खेळ हवेत का?

म्हापशेकर
चार वर्षं घरूनच काम करतोय. टीम चौदा जणांची. बरेचसे पुण्यात, दोघं नागपूरला, तिघं बेंगळुरूला, गोव्यात मी एकटा. गेल्या वर्षापासून दर शुक्रवारी संध्याकाळी ५ ते ६ 'फन अवर' असतो. यायचंच, कॅमेरा चालू ठेवायचाच. मागे एकदा प्रश्न आला, "तुम्ही प्राणी असता तर कोणता?" तेवढ्यात कुंपणावरून मुंगूस पळालं म्हणून मी मुंगूस म्हणालो. सोमवारी बघतो तर टीमच्या स्लाइडवर माझ्या फोटोशेजारी मुंगूस.

वर शुक्रवार म्हणजे म्हापशाचा बाजार. आई सकाळीच यादी करून ठेवते. सहाला सुटून पोचेपर्यंत हळदोण्याची मिरची आणि मयड्याची केळी असलेल्या बायका टोपल्या आवरायला लागलेल्या असतात. उरलंसुरलं घेऊन घरी गेलो की आईचं तोंड बघवत नाही.

कामापुरतं आमचं छान जमतं. मग हे खेळ कोणासाठी?

पोदेर
+१. आठवड्याला एक तास, म्हणजे वर्षाचे पन्नासेक तास. कामाच्या वेळेत घ्या, नाहीतर पगार द्या.

सावईवेरेकरीण
धागा वाचून आधी राग आला, मग हसू आलं, कारण आमच्या टीममध्ये हा उद्योग करणारी बाई मीच.

एक सांगते. मार्चमध्ये एक मुलगी नवीन लागली. तीन महिने तिचे दोनच शब्द: 'ओके' आणि 'डन'. एकदा ती एका क्वेरीवर दोन दिवस अडकून बसली आणि कोणाला सांगितलंच नाही. ऑफिस असतं तर चहाच्या टपरीवर कोणीतरी "काय गं, चेहरा असा का?" विचारलं असतं. इथे चेहराच दिसत नाही.

जूनमध्ये आम्ही गार्टिक फोन खेळलो. आपली कानगोष्टच, फक्त चित्रांची. एकाने वाक्य लिहायचं, दुसऱ्याने त्याचं चित्र काढायचं, तिसऱ्याने नुसतं चित्र बघून वाक्य लिहायचं, आणि असंच पुढे. मी लिहिलं होतं 'फेरीबोटीत म्हैस'. पाच जणांनंतर त्याचं झालं 'बाथटबमध्ये रागावलेले वकील'. मधलं चित्र त्या मुलीचं होतं, म्हशीला तिने काळा कोट घातला होता! त्या दिवशी पहिल्यांदा तिचं हसणं ऐकलं. पुढच्या आठवड्यात तिने आपणहून एकाला मेसेज टाकला, "वकीलसाहेब, पाच मिनिटं आहेत का?"

आणि सक्तीचं म्हणाल तर ऐच्छिक ठेवूनही पाहिलंय. पहिल्यांदा तिघं आले. दुसऱ्यांदा मी आणि एचआर. आम्ही दोघींनी शिताला, म्हणजे भाताबरोबर, काय केलं ते एकमेकींना सांगितलं आणि कॉल बंद केला.

खाजन
ताई, तुमच्याच उदाहरणावर बोलतो. ती मुलगी दोन दिवस अडकली यावर खेळ हे औषध कसं? पहिल्याच दिवशी तिला "अडलं की अमक्याला फोन कर" हे कोणी सांगितलं होतं का? नसेल तर चूक कामाच्या मांडणीत आहे. आम्ही नव्या माणसाला पहिले दोन आठवडे रोज एक तास जुन्या माणसाबरोबर बसवतो. स्क्रीन एकच, दोघांनी मिळून खरं काम करायचं. ओळख आपोआप होते.

दुसरं, कॅमेऱ्याचं. स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलन्सन यांनी २०२१ साली व्हिडिओ कॉलच्या थकव्याची चार कारणं मांडली होती: अंगावर आल्यासारखे मोठे चेहरे आणि सतत रोखलेल्या नजरा, सारखं स्वतःलाच बघत राहणं, एका जागी जखडून बसणं, आणि हावभाव कळावेत नि कळवावेत म्हणून मेंदूला पडणारा जादा ताण. दिवसभर हे सोसलेल्या माणसाला पाच वाजता त्याच खुर्चीत, त्याच कॅमेऱ्यासमोर बसवून म्हणायचं, हास बघू! निदान स्वतःचा चेहरा तरी झाकू द्या, झूममध्ये ती सोय आहे.

सावईवेरेकरीण
खाजनबाब, यादी दिली होती. नाव, नंबर, कोण काय बघतो, सगळं. पण यादीतल्या अनोळखी माणसाला "मला येत नाही" असा फोन करायला धीर लागतो. तुमच्या मांडणीत तो कुठून आणायचा?

रोज तासभर जोडीने बसवायची कल्पना मात्र उचलते. कॅमेऱ्याचं पटलं. माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

वाळपईची सून
मी दोन्ही बाजूंची. प्राणी-बिणी मलाही नको, पण आमची हौजी, म्हणजे तंबोला, बंद केली तर भांडेन.

पावसात आमच्याकडे वीज जाते, इन्व्हर्टरवर राउटर तेवढा चालतो. कॅमेरा लावला की आवाज तुटतो. हौजीला फक्त आवाज लागतो. तिकिटं व्हॉट्सॲपवर येतात, एका तिकिटावर पंधरा आकडे, ते मी वहीत उतरवून घेते. गंमत नंबर पुकारण्यात आहे. १ ते ९० मधले आवडीचे आकडे प्रत्येकाने आधी घ्यायचे आणि त्यांना आपापल्या गावचं नाव द्यायचं. माझे: २१ म्हणजे खतखतें (एकवीस भाज्यांचं म्हणून), २४ म्हणजे सांजांव, ६१ म्हणजे गोवा मुक्ती. इंदूरवाल्याने ७ घेतला, २०१७ ते २०२३ अशी सलग सात वर्षं इंदूर स्वच्छतेत पहिलं आलं म्हणून. ४० म्हणजे 'आता कॉल तुटणार', कारण झूम फुकट असतं तेवढीच मिनिटं. "सांजांव!" म्हटलं की आता कोचीचा मुलगाही "विहिरीत उडी!" ओरडतो. २४ जूनला आपल्याकडे काय करतात ते त्याला अशा रीतीने कळलं.

गेल्या महिन्यात सासूबाई शेजारी भाजी चिरत होत्या. माझं लक्ष नव्हतं, त्या विळीवरूनच ओरडल्या, "अगो, मधली ओळ झाली मगो तुझी!" माइक चालू. तेव्हापासून त्यांना वेगळं तिकीट जातं.

पंचवीस मिनिटं, बुधवारी जेवणानंतर. न येणाऱ्याला कोणी विचारत नाही. तरी चौदापैकी नऊ-दहा असतात.

पोदेर
सासूबाईंना टीम लीड करा.

म्हापशेकर
हौजी मीही खेळेन. पण माझं खरं दुखणं अजून सांगायचंय. फेब्रुवारीत कंपनीने ठरवलं, वर्षभर ऑनलाइन भेटतो तर एकदा प्रत्यक्ष भेटूया. कुठे? गोव्यात! बाकी तेरांना सहल. मला काय, तर कळंगुटला स्वस्त हॉटेल बघ, दाबोळी विमानतळावर गाडी पाठव, सात स्कूटरी मिळव. एकाने विचारलं, "तुझ्या मित्रांच्या चालतील ना?" पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे, काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्यायची, हे समजावण्यात अख्खी संध्याकाळ गेली. तीन दिवस मी टीमचा सहकारी नव्हतो, टुरिस्ट गाइड होतो. बॉन्डिंग झालं म्हणतात. माझं त्या काळ्या पाटीवाल्याशी झालं.

खाजन
हाहा. पण माझा मुद्दा हाच. आखलेल्या मजेचं ओझं कोणा एकाच्या डोक्यावर बसतं. तुमच्याकडे गोयंकाराच्या, ताईंकडे ताईंच्या.

सावईवेरेकरीण
ओझं आहेच. प्रश्न शोधायचे, लिंक पाठवायच्या, आणि वर अशा धाग्यांत शिव्या खायच्या. तरीही करेन. तुमच्या जोडीने बसण्यातून माणूस एकाला ओळखतो, मला त्याने दहांना ओळखायला हवं आहे.

म्हापशेकर, चतुर्थीला घरून काम केलंत ना? गणपतीवर फळं-भाज्या टांगतो ती माटोळी दाखवलीत का टीमला? आमच्याकडे मी काही ठरवलं नव्हतं. कॉलमध्ये मागे टांगलेले आंबाडे, तोरिंगं, सुपारीचा घोस दिसला आणि लखनौची एकजण म्हणाली, "दीदी, छत से सब्ज़ी क्यों लटकी है?" वीस मिनिटं त्यातच गेली, मीटिंगचा अजेंडा बाजूला.

खाजन
बघा, ते 'फन अवर'मध्ये नव्हतं!

सावईवेरेकरीण
नव्हतं. पण सहा महिन्यांपूर्वी तिने विचारलं नसतं.

म्हापशेकर
माटोळी दाखवली नाही. तेव्हा बॅकग्राउंड धूसर करून बसलो होतो.

आज मॅनेजरला लिहिलंय: शुक्रवारऐवजी बुधवार, तासाऐवजी पंचवीस मिनिटं, कॅमेरा ऐच्छिक, आणि पुढच्या वेळी हौजी मी पुकारतो. 'सीन' दाखवतंय, उत्तर नाही. उद्या शुक्रवार. यादी आली आहे: मिरची पाव किलो, सुके बांगडे, एक मडकं. मडकं वाजवून बघून घे, असं खाली अधोरेखित.