मदत हवी आहे: तीन लाखांचं देणं, घरात सांगितलेलं नाही. सोनं ठेवू की पतसंस्थेत जाऊ? (नाशिक)

नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. जरा लांबेल, पण अर्धवट सांगितलं तर सल्लाही अर्धवटच मिळेल.

वय ३९. अंबड एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला आहे, हातात ३३,५०० येतात. घर सिडकोत, वडिलांच्या नावावर, त्यामुळे भाडं नाही. बायको घरीच ब्लाऊज आणि पिको-फॉल करते. लग्नसराईत सहा-सात हजार सुटतात, एरवी तीनेक. मुलगी आठवीत, मुलगा चौथीत, आई-वडील सोबत.

काल रात्री सगळे झोपल्यावर पहिल्यांदाच सगळं देणं एका जागी लिहून काढलं. बहिणीच्या लग्नाला मागच्या वर्षी दोन लाखांचं पर्सनल लोन काढलं होतं, १६ टक्क्यांनी, तीन वर्षांसाठी. हप्ता ७,०३१, अजून २४ हप्ते, बाकी सुमारे १,४३,६००. क्रेडिट कार्डावर ८६,०००. मोबाइलवरच्या एका ॲपचे ३,७०० चे पाच हप्ते, म्हणजे १८,५००. भिशी मी आधीच उचलली आहे, तिचे नऊ महिने दोन-दोन हजार भरायचेत, १८,०००. आणि सिडकोतल्याच एका माणसाकडून शेकडा पाचने घेतलेले ४०,०००. बेरीज ३,०६,१००.

या शेवटच्या चाळीस हजारांनी झोप उडाली आहे. आठ महिने झाले, दर महिन्याला दोन हजार व्याज नेऊन देतो. सोळा हजार गेले आणि चाळीस जिथल्या तिथे आहेत. घेताना त्याने सही केलेला कोरा चेक ठेवून घेतला. हे घरात कोणालाही माहीत नाही. लोनचं आणि भिशीचं बायकोला ठाऊक आहे, कार्डाचं थोडंफार, सावकाराचं आणि ॲपचं अजिबात नाही.

कार्डाचं तर मला कालपर्यंत कळलंच नव्हतं. मिनिमम ड्यू ४,३०० भरला की या महिन्याचं झालं असं धरून चालायचो. काल स्टेटमेंट ओळ न ओळ वाचलं. महिन्याला साडेतीन टक्के व्याज, वर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३,५५० रुपये तिथेच गेले. मुद्दल फिटलं साडेसातशे. आणि महिन्याच्या वीस तारखेनंतर किराणा, पेट्रोल परत त्याच कार्डावर, त्यालाही पहिल्या दिवसापासून व्याज, कारण मागची बाकी पूर्ण भरलेली नाही.

हे कसं झालं? दवाखाना वगैरे काही नाही. दोन वर्षांपूर्वी ओव्हरटाइमचे महिन्याला सात-आठ हजार यायचे आणि मी तो पगारच धरला होता. ओव्हरटाइम बंद झाला, खर्च तसाच राहिला. मुलांना नाही म्हणायला नको म्हणून रविवारची मिसळ, वाढदिवस, सगळं चालूच. तूट कार्डाने भरली, कार्डाची तूट ॲपने, आणि दिवाळीला बोनस कमी आला तेव्हा त्या माणसाकडे गेलो. आज महिन्याला १९,०३१ रुपये नुसते देण्यात जातात. उरलेल्या साडेचौदा हजारांत सहा माणसं.

एक गोष्ट सांगायची आहे. ही यादी मी बायकोच्या मापाच्या वहीत मागच्या पानावर लिहिली, कारण दुसरी कोरी वही हाताशी नव्हती. पुढची पानं सहज चाळली. छाती, कंबर, बाही, आणि प्रत्येक गिऱ्हाइकासमोर शिलाई, ॲडव्हान्स, बाकी. कोणाकडे पिको-फॉलचे चाळीस रुपये राहिले तर तेही तारीख घालून. पैसे आले की त्यावर आडवी रेघ. सहा वर्षं ही वही घरात आहे आणि मी एकदाही उघडून पाहिली नव्हती. यादी लिहून पूर्ण झाल्यावर तशीच बसून राहिलो.

आता विचारायचं ते. तिच्या दोन पाटल्या आहेत, मिळून तीन तोळे, माहेरच्या. त्या गहाण ठेवून कार्ड आणि सावकार एकदम मोकळे करावेत का? की कंपनीच्या पतसंस्थेतून कर्ज घ्यावं? मी सभासद आहे, पण दोन जामीनदार लागतात आणि ते सेक्शनमधलेच असणार. सगळ्यांना कळेल या भीतीने आजवर फॉर्मच आणला नाही. कार्डवाले पन्नास हजारांत सेटलमेंट करू म्हणतात, ते करावं का? आणि घरात सांगायचं कसं? ज्यांनी यातून गेलंय त्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद १

भाऊ, मी पगारदार पतसंस्थेत कर्जाच्या टेबलावर बारा वर्षं बसतोय, म्हणून लिहितो.

सगळी देणी सारखी नसतात. शेकडा पाच म्हणजे वर्षाला ६० टक्के. कार्ड ४२ टक्के, वर जीएसटी. तुमचं लोन १६. तेव्हा लोनला हात लावू नका, ते वेळेवर फिटतंय. ॲप आणि भिशी काही महिन्यांत आपोआप संपतील. कापायचे आहेत फक्त सावकार आणि कार्ड, दोन्ही मिळून १,२६,०००.

ही रक्कम पतसंस्थेतून १२ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतली असं धरा, हप्ता ४,१८५ च्या आसपास बसतो. आज तुम्ही या दोघांना मिळून ६,३०० देताय आणि त्याला शेवट नाही. इथे छत्तिसाव्या हप्त्याला विषय संपतो. तुमच्या संस्थेचा दर थोडा वेगळा असेल, विचारून घ्या.

सोनतारण याहून स्वस्त पडू शकतं, नाही म्हणत नाही. पण बऱ्याच ठिकाणी वर्षअखेरीला मुद्दल एकदम उभं राहतं. माणूस व्याज भरून नूतनीकरण करतो, मग परत नूतनीकरण, आणि एक दिवस लिलावाची नोटीस येते. तुमची सध्याची सवय पाहता पगारातून परस्पर कपात होणारं कर्ज बरं. पाटल्या शेवटचा उपाय म्हणून राहू द्या, आणि त्यांचा निर्णय त्यांच्या मालकिणीला विचारल्याशिवाय नाही.

जामीनदाराची लाज वाटते म्हणालात. तुमच्यासारखे रोज दोन-तीन जण माझ्यासमोर बसतात. त्या लाजेपोटी तुम्ही आठ महिन्यांत सोळा हजार भरलेत.

सेटलमेंट टाळा. सिबिलच्या रिपोर्टमध्ये, म्हणजे तुम्ही कर्ज कसं फेडलं याच्या नोंदीत, 'सेटल्ड' असा शेरा पडतो आणि पुढे कर्ज मागायला गेलात की तो आडवा येतो. पूर्ण भरून 'क्लोज्ड' करून घ्या. रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, काढून बघा. आणि कार्ड मोकळं झालं की त्याच दिवशी बंद करायचा अर्ज द्या. ते खिशात राहिलं तर वर्षभरात पतसंस्थेचा हप्ताही असेल आणि कार्डाची बाकीही. हे मी इतक्यांदा पाहिलंय की हात जोडून सांगतो.

प्रतिसाद २

सावकाराबद्दल थोडं. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. परवान्याशिवाय व्याजाने पैसे देणं गुन्हा आहे, आणि परवाना असला तरी बिगरशेतकऱ्याला विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांच्या वर व्याज लावता येत नाही. तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करता येते. लगेच भांडायला जा असं म्हणत नाही. पण मुद्दल देताना रोख देऊ नका, बँकेतून पाठवा, आणि चेक हातात घेतल्याशिवाय व्यवहार पुरा झाला असं समजू नका.

ॲपवाल्यांचे फोन येतात का? वसुलीचा फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तुमच्या फोनमधले नंबर घेऊन इतरांना फोन करणंही बसत नाही. आधी कर्ज देणाऱ्या कंपनीकडे लेखी तक्रार, तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. माहितीसाठी १४४४८ नंबर आहे.

प्रतिसाद ३

दादा, मी नाशिकरोडची. माझ्या मिस्टरांनी असंच लपवलं होतं, मला कळलं वसुलीचा माणूस दारात आल्यावर. पैशांचं मी कधीच विसरले. शेजाऱ्यांसमोर मला त्या माणसाकडून कळलं, ते अजून विसरता येत नाही. तुमच्या बायकोला तुमच्याच तोंडून कळू द्या, या रविवारच्या आत. मुलं बाहेर असताना सांगा आणि आकडा पूर्ण सांगा. चार दिवसांनी 'अजून एक राहिलं होतं' असं करू नका, बाई मग कशावरच विश्वास ठेवत नाही.

धागाकर्ता (नऊ दिवसांनी)

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचा प्रतिसाद वाचून शनिवारीच सांगितलं.

बोलायला तोंड उघडेना, म्हणून वही उलटी करून मागचं पान तिच्यासमोर ठेवलं. ती मशीनवर होती. पाय थांबवून तिने वरपासून खालपर्यंत वाचलं, मग बोट सावकाराच्या ओळीवर ठेवून एवढंच विचारलं, "कोरा चेक दिलात? सही करून?" त्यानंतर बराच वेळ काही बोलली नाही. रडली. मीही.

संध्याकाळी तिने स्वतःच पेन्सिल घेऊन बेरीज पुन्हा केली आणि खाली एक ओळ वाढवली: पवननगरच्या किराणा दुकानात उधारी, २,३५०. माझ्या पगाराची ओढाताण दिसत होती म्हणून तिने मला सांगितलं नव्हतं. आता एकूण ३,०८,४५०.

पाटल्या ती काढून द्यायला तयार होती, मीच नको म्हणालो. पतसंस्थेचा फॉर्म आणला. एक जामीनदार मिळाला, माझ्याच शिफ्टचा. दुसऱ्याने नाही सांगितलं, वाईट वाटलं पण त्याचीही घरची अडचण असेल. अजून एकाला विचारलंय, तो उद्या सांगतो. पुढच्या आठवड्यात कमिटीची मीटिंग आहे. कार्ड तिच्या मशीनच्या खणात आहे, पेट्रोलचे पैसे ती दर सोमवारी मोजून देते आणि लिहून ठेवते.

मिसळ बंद केली नाही, घरी करतो. मुलीला विचारून ठरवलं.

आता एकच अडचण. पैसे परत देताना त्या माणसाकडून काय लिहून घ्यावं? पूर्ण रक्कम मिळाली, चेक परत दिला, काही बाकी नाही, एवढं पुरेसं आहे का? चेकचा नंबर पावतीत घालावा का, आणि साक्षीदार घ्यावा का? कोणाकडे मराठीत अशा पावतीचा नमुना असेल तर कृपया इथे टाका, मीटिंगच्या आधी तयार ठेवायचा आहे.