मृतोपजीवी, परजीवी की आणखी काही?

मोनोट्रोपा युनिफ्लोरा या रानफुलावर टिपण लिहिते आहे आणि एका शब्दापाशी अडले आहे. अख्खी वनस्पती मेणासारखी पांढरी, क्वचित गुलाबी झाक. उंची वीतभर, खोडावर पानांच्या जागी नुसते खवले आणि टोकाला मान खाली घातलेलं एकच फूल. हरितद्रव्य अजिबात नाही. शाळेत अशा वनस्पतींना ‘मृतोपजीवी’ म्हणतात असं शिकलो होतो. जुन्या लेखनात ‘शवोपजीवी’ही दिसतं. इथे तो शब्द चालेल का?

— नाही चालणार. मृतोपजीवी म्हणजे कुजक्या सेंद्रिय पदार्थांवर जगणारा. ही वनस्पती पालापाचोळ्यातून वर येते म्हणून तसा समज झाला, पण पाचोळा स्वतः कुजवून खाणारी एकही सपुष्प वनस्पती आढळलेली नाही. हिच्या मुळांवर रस्युला आणि तिच्या कुळातल्या अळंब्यांच्या तंतूंचं वेष्टण असतं. तेच तंतू आसपासच्या झाडांच्या मुळांनाही जोडलेले असतात. झाड त्यांना साखर देतं, ते झाडाला पाणी आणि क्षार देतात. त्या साखरेवर ही जगते. १९६० साली एरिक ब्यर्कमन या संशोधकांनी झाडांमध्ये किरणोत्सारी कार्बन असलेलं ग्लुकोज सोडलं, तर तो कार्बन शेजारी उगवलेल्या मोनोट्रोपा हायपोपिटिसमध्ये, म्हणजे हिच्या बहिणीत, सापडला. अन्न जिवंत झाडाचं, आणून देणारं कवकही (म्हणजे ते अळंबीचे तंतू) जिवंत. ‘मृत’ म्हणावं असं यात काय आहे? जोनाथन लीक या संशोधकांनी अशा वनस्पतींवरच्या १९९४च्या आढाव्यात ‘मृतोपजीवी’साठीची जुनी इंग्रजी संज्ञा शीर्षकातच अवतरणचिन्हांत टाकली होती. आपण मात्र ती अजून वापरतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

— मग सरळ ‘परजीवी’ म्हणा की, बांडगुळासारखी.

— बांडगुळाची पानं हिरवी असतात हो! ते स्वतःचं अन्न करतं, झाडाकडून मुख्यतः पाणी आणि क्षार घेतं. पिकांच्या मुळांवर वाढणारा टारफुलाही हिरवाच. हरितद्रव्य गमावलेला म्हणायचा तो बंबाखू, तोही मुळांवरचा परजीवी. अमरवेलीत असलं तर नाममात्र. पण ही सगळी मंडळी दुसऱ्या वनस्पतीच्या अंगात चूषकमुळं खुपसतात. मोनोट्रोपा झाडात काहीच खुपसत नाही, मधे कवक असतं. ‘परजीवी’ चूक नाही, पण त्यात कवक दिसत नाही, आणि खरी गोष्ट तर तीच आहे.

— ‘कवकपरपोषी’ कसा वाटतो? स्वयंपोषीच्या विरुद्ध परपोषी, त्याला कवक जोडलं.

— अर्थ उलटा पोचण्याची भीती वाटते. नवा वाचक ‘कवकाला पोसणारी’ असंच वाचेल. ‘उपजीवी’मध्ये ती अडचण नाही, कारण उपजीविका कशावर चालते हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. म्हणून मी ‘कवकोपजीवी’ म्हणेन. ‘बुरशी’ नको, तिने शिळ्या अन्नावरची हिरवी-काळी साय डोळ्यांपुढे येते. संस्कृतात कवक म्हणजे अळंबीच, तेव्हा इथे तो शब्द दुहेरी शोभतो.

आणखी एक. ‘हरितद्रव्य नाही’ असं लिहिलंत ते बरं केलंत. पुष्कळजण ‘हरितलवक नाही’ लिहून थांबतात आणि पेशीत लवकच (वनस्पतीच्या पेशीतले सूक्ष्म घटक, हरितलवक हा त्यांचा हिरवा प्रकार) नसतात असा ग्रह होतो. हिरवा रंग गेला तरी लवक उरतात, त्यांना इतर कामं असतात. बीच नावाच्या झाडाच्या मुळांवर वाढणाऱ्या एपिफेगस या परजीवीच्या लवकाचा जीनोम, म्हणजे त्यातला सगळा डीएनए, १९९२ साली पूर्ण वाचला गेला. तो सुमारे ७० हजार आधारजोड्यांचा निघाला. हिरव्या तंबाखूच्या लवकाचा सुमारे १ लाख ५६ हजारांचा आहे. प्रकाशसंश्लेषणाची जनुकं गेली होती, पण प्रथिनं बनवण्याच्या यंत्रणेतली बरीच शाबूत होती.

— ‘कवकोपजीवी’ घेतला. लवकाची दुरुस्तीही घेतली, पहिल्या खर्ड्यात मी तेच ‘हरितलवक’ लिहिलं होतं. वाक्य आता असं आहे: ‘ही हरितद्रव्यहीन, कवकोपजीवी वनस्पती आहे; फूल उमलताना मान खाली घालतं आणि फळ धरू लागलं की ताठ उभं राहतं.’ ‘मान’ शास्त्रीय टिपणात शोभेल ना? ‘पुष्पवृंत वक्र असतो’ लिहायला हात होत नाही.

— शोभेल. लिनियसने १७५३मध्ये मोनोट्रोपा हे नाव दिलं त्यातही वळणंच आहे: मोनोस म्हणजे एक, ट्रोपोस म्हणजे वळण. ‘मान’ राहू द्या.