बीच सोडून पोरांना गोव्याचा इतिहास दाखवायचाय: गाडी, तंबू, म्युझियम, रूट सुचवा

म्हापशेकरीण
नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या सुट्टीत कोल्हापूरहून नणंद आणि तिची पोरं येतायत, आमची धरून चांगली फौज होते, सगळ्यात धाकटा तिसरीत आणि मोठी नववीत. दरवेळी कळंगुट, बागा आणि गाडी लावायला जागा शोधणं यातच दिवस जातो, म्हणून यावेळी मी आधीच जाहीर करून टाकलंय की समुद्र फक्त एक संध्याकाळ, बाकी गोव्याचा इतिहास. आता जाहीर तर केलं पण रूट काय करायचा तेच सुचत नाहीये, नेटवर बघावं तर तेच किल्ले नि तीच चर्चेस. भावाचा तंबू मिळतोय, तो किल्ल्यावरच लावायचा असा पोरांचा हट्ट. म्युझियम पण हवंय, पण आत गेल्या गेल्या पोरं आईस्क्रीम मागतील असं नको. कुणी फिरलंय का असं?

फेरीबोटवाला
ताई, किल्ल्यांची यादी घेऊन निघू नका, एक देव धरा आणि त्याच्या मागे जा. सप्तकोटेश्वर घ्या. सकाळी जुन्या गोव्याचं पुरातत्त्व म्युझियम करा (शुक्रवारी बंद असतं, बघून जा), तिथे व्हाइसरॉय-गव्हर्नरांची तैलचित्रं लायनीने लावलीयत ती भरभर उरका, पोरांना थांबवायचं ते वीरगळांपाशी (लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव दगड). आपल्या पोरांना कदंब म्हणजे फक्त गोव्याची सरकारी बस माहीत असते, तिथे कळतं की ते राजे होते. मग तिथनंच गाडी फेरीत घाला आणि दिवाडीला उतरा. सप्तकोटेश्वर म्हणजे कदंबांचं कुलदैवत, त्याचं मूळ देऊळ याच बेटावर, कोटितीर्थाची तळी अजून आहे. देऊळ आधी बहामनींनी पाडलं, विजयनगरच्या माधव मंत्र्याने परत उभं केलं, मग सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी पाडलं आणि लिंग विहिरीच्या कामाला लावलं. लोकांनी ते सोडवून नदीपलीकडे नेलं, कारण डिचोली तेव्हा पोर्तुगीजांकडे नव्हती, आदिलशाहीत होती. आता तुम्ही पण तसंच करा, दिवाडीवरून दुसरी फेरी घेऊन नार्व्याला उतरा. तिथलं देऊळ शिवाजी महाराजांनी 1668 ला बांधायला घेतलं, देवनागरी शिलालेख आहे, शके 1590. त्यात 78 मिळवायला लावा, नववीवाली पण गप बसेल. पाण्याची रुंदी डोळ्यांनी बघितली ना, की एवढंसं पात्र ओलांडलं आणि राज्य बदललं, हे पोरांना वेगळं सांगावंच लागत नाही.

आणि हे एकच नाही. मंगेशी 1560 मध्ये कुठ्ठाळीहून फोंड्यातल्या प्रियोळला गेला, आज कुठ्ठाळी-मडकई फेरी आहे. कामाक्षी रायहून फोंड्यातल्याच शिरोड्याला गेली, राय-शिरोडा पण फेरी आहे. फोंड्यात एवढी देवळं एका जागी का, याचं उत्तर फेरीत बसूनच मिळतं.

कुळागरातली
फेरीबोटवाले दादा म्हणतात ते छानच आहे पण तिसरीतल्या पोराला दिवसभर देवळं? तो कंटाळणार. मी म्हणते दक्षिणेकडे या. उसगाळीमळला कुशावतीच्या काठी जांभ्या दगडावर कोरलेली चित्रं आहेत, बैल, मोर, एक गोल चक्रव्यूह, हजारो वर्षांपूर्वीची, जगाला कळली ती 1993 मध्ये, तोवर मातीखाली होती. पायाखालीच असतात म्हणून चप्पल काढून फिरायचं, उन्हं तिरपी असतील तेव्हा जा, भर दुपारी रेषा दिसतच नाहीत. आणि प्लीज कुणी पाणी ओतून, खडू फिरवून फोटो काढू नका, तिथे आलेले शहाणे लोक हेच करतात आणि माझं डोकं फिरतं.

तंबूचं म्हणाल तर किल्ला विसरा, संरक्षित स्मारकात रात्री राहता येत नाही. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय नाही. समुद्रावर चूल मांडायची आयडिया असेल तर ते पण 2019 च्या कायद्याने बंद, दंड होतो. त्यापेक्षा नेत्रावळीकडे कुणाच्या तरी कुळागरात (पोफळीच्या बागेत) विचारा, होमस्टेवाले अंगणात तंबू लावू देतात, जेवण पण त्यांचंच. पोफळींखाली रात्री गारवा असतो, पांघरुणं जास्त घ्या. सकाळी तिथनं रिवणच्या गुहा करून उसगाळीमळ.

कुर्डीबद्दल कुणी सांगेलच म्हणून आधीच लिहिते, डिसेंबरात जाऊ नका, गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली असतो, एप्रिल-मेमध्ये पाणी उतरलं की वर येतो. पण कुर्डीचं जुनं महादेवाचं देऊळ पुरातत्त्ववाल्यांनी दगड न् दगड सोडवून धरणाजवळ परत उभं केलंय, ते कधीही बघता येतं.

साष्टीकार
दोघांचंही बरोबर आहे पण एक राहतंय. तुम्ही सगळे देवांबरोबर नदीपलीकडे निघालात, जे लोक अलीकडे पोर्तुगीजांच्या राज्यातच राहिले त्यांचं काय? तो पण आपलाच इतिहास. कुंकळ्ळीला या. 1583 मध्ये इथे उठाव झाला, जेझुइट पाद्री मारले गेले, नंतर बोलणीसाठी बोलावलेल्या गावकऱ्यांना मारलं, त्यांचं स्मारक गावातच आहे. इथली शांतादुर्गा फातर्प्याला गेली पण शिगम्याच्या दिवसांत छत्र्यांच्या मिरवणुकीत ती परत गावात येते, बारा वांगडांच्या (गावातल्या मूळ घराण्यांच्या) बारा छत्र्या, त्यात हिंदू-ख्रिस्ती दोन्ही. डिसेंबरात ते नाही मिळणार, पण वाटेतलं चांदर मिळेल, कदंबांची जुनी राजधानी, आणि तिथेच पोर्तुगीज काळातलं ब्रागांझांचं भलंमोठं घर. एकाच गावात दोन्ही.

म्युझियम विचारलंत तर बाणावलीचं गोवा चित्र. नांगर, घाणे, रांधपाची (स्वयंपाकाची) भांडी, शेतीची अवजारं. कोल्हापूरच्या पोरांना निम्मं ओळखीचं वाटेल, आणि आमच्याकडे याला काय म्हणतात यावरून भांडणं लागतील, त्यात बराच वेळ जातो, चांगला.

म्हापशेकरीण
सगळ्यांचे आभार! पहिला दिवस नार्वे, मग नेत्रावळी आणि येताना चांदर-बाणावली असं जुळवते. किल्ल्याचं पोरांना कसं सांगू तेवढं बघायला हवं. आणि फेरीत मोठी गाडी जाते ना हो? आमची सात सीटर आहे.

फेरीबोटवाला
जाते, ट्रक पण जातात. फक्त रॅम्प ओला असतो, पोरांना उतरवून घ्या आणि गाडी सावकाश. आणि किल्ला पाहिजेच असेल तर समुद्राची संध्याकाळ आग्वादला काढा, तिथल्या जुन्या जेलचं आता म्युझियम केलंय, स्वातंत्र्यसैनिकांना ठेवायचे ते. तंबूची मागणी तिथेच बंद होईल.