ईम गावच्या १६६५-६६ च्या दफन-नोंदींबाबत मदत हवी आहे

इंग्लंडच्या डर्बीशायरमधील ईम या छोट्या पॅरिशवर (एका चर्चच्या अखत्यारीतील गावावर) मी मराठीत दीर्घ लेख लिहीत आहे. १६६५ मध्ये तेथे प्लेग पोहोचल्यावर रेक्टर (पॅरिशचे मुख्य पाद्री) विल्यम मॉम्पेसन आणि त्यांचे पूर्वाधिकारी थॉमस स्टॅन्ली यांनी गावकऱ्यांना गावाची सीमा न ओलांडण्यास राजी केले, सेंट लॉरेन्स चर्च बंद ठेवून प्रार्थना उघड्यावर घेतल्या, आणि तरीही सुमारे २६० माणसे दगावली. हा आकडा सर्वत्र येतो. मात्र तो ज्या नोंदवहीवर आधारलेला आहे ती मूळ नसून नंतर उतरवलेली प्रत आहे, म्हणून केवळ तिच्यावर विसंबणे मला योग्य वाटत नाही.

नोंदवहीचे छापील लिप्यंतर आणि मॅटलॉक येथील जिल्हा अभिलेखागाराची ऑनलाइन सूची मी पाहिली आहे. त्या काळी पॅरिशच्या नोंदींची वार्षिक नक्कल बिशपांच्या कार्यालयाकडे जात असे, आणि डर्बीशायर तेव्हा लिचफील्डच्या बिशपांच्या अधिकारक्षेत्रात होते. मला प्रत्यक्ष तेथे जाणे शक्य नाही, पण छायाप्रतीचे शुल्क भरण्याची तयारी आहे. सतराव्या शतकातील हस्ताक्षर मात्र मला सहज वाचता येत नाही.

या दोन वर्षांची बिशपांकडील नक्कल उपलब्ध आहे का, असल्यास भारतातून तिची छायाप्रत कोणाकडे आणि कशी मागवावी?